घोड्यांच्या विषयात प्राध्यापक व्हायचं असेल तर

घोडा आवडतो म्हणून घोड्यातच करिअर करायचं असं म्हणणारी पोरं बरीच असतात, पण त्यांच्या डोक्यात रस्ते दोनच, एक जॉकी किंवा रायडर, दुसरा व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. तिसरा रस्ता आहे तो आपल्याकडे कुणी सांगत नाही. युनिव्हर्सिटीत घोड्यांचं शास्त्र आणि व्यवस्थापन शिकवायचं, त्यावर संशोधन करायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आयर्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात यासाठी वेगळ्या डिग्र्या आहेत. भारतात तशी वेगळी डिग्री नाही पण काम आहे, फक्त ते दुसऱ्या नावाच्या पाट्यांमागे लपलेलं आहे. हे लिखाण बारावी सायन्सवाले, बीव्हीएससी म्हणजे व्हेटची डिग्री करणारे आणि डिग्री हातात घेऊन आता पुढे काय म्हणून बसलेले, या तिघांसाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. घोडा ही प्रजाती आहे, तुमचा विषय वेगळा असायला हवा. म्हणजे पोषण, प्रजनन, जनुकशास्त्र, वर्तन, व्यायामाचं शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र नाहीतर अर्थकारण, यातलं एक काहीतरी खोलवर यायला पाहिजे आणि ते तुम्ही घोड्यावर लावायचं. कुठलीच युनिव्हर्सिटी “घोड्यातलं सगळं येतं” अशा माणसाला प्रोफेसर म्हणून घेत नाही. जाहिरात निघते ती घोड्यांच्या पोषणतज्ज्ञाची, प्रजननाच्या फिजिऑलॉजिस्टची. “मला घोडे लहानपणापासून आवडतात” हे वाक्य अर्जात प्रत्येकाचंच असतं त्यामुळे त्याची किंमत शून्य. आणि याचा फायदाही बघा, उद्या घोड्याचा प्रोग्राम बंद पडला तरी पोषणाचा माणूस गाई-शेळ्यांवर काम करून तगतो, नुसता घोडेवाला कुठे जाणार.

व्हेट होणं गरजेचं आहे का

हा प्रश्न सगळेच विचारतात. भारतात राहायचं असेल तर जवळपास हो. इथे जनावरांच्या शास्त्रातल्या बहुतेक जागा व्हेटर्नरी कॉलेजांत आहेत, आणि त्यासाठी नीट देऊन बीव्हीएससी अँड एएच करायचं, साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात हे सगळं नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली येतं, मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर ही त्यातली जुनी सरकारी कॉलेजं. मग दोन वर्षं एमव्हीएससी, मग पीएचडी.

परदेशात गणित वेगळं. तिथे घोड्यांच्या शास्त्राचे बरेच प्रोग्राम व्हेटर्नरी कॉलेजात नसतात, शेतकी कॉलेजातल्या ॲनिमल सायन्स विभागात असतात, आणि तिथे लागते पीएचडी, व्हेटची डिग्री असली तर चांगलंच पण अट नाही. म्हणजे बीएससी ॲग्री, झूलॉजी, बायोटेक केलेला माणूसही एमएस आणि पीएचडी करून या जागेवर पोहोचू शकतो. उलट अमेरिकेतल्या व्हेटर्नरी हॉस्पिटलात घोड्यांचा सर्जन म्हणून शिकवायचं असेल तर नुसती भारतीय बीव्हीएससी सहसा चालत नाही, तिथलं लायसन्स मिळवायला ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह नावाची परीक्षांची लांबलचक वाट आहे, मग इंटर्नशिप, मग रेसिडेन्सी. ती वेळखाऊ आणि महागडी वाट आहे. पण बीव्हीएससी केलेल्याला ॲनिमल सायन्समध्ये संशोधन करायला आणि शिकवायला हे लायसन्स लागत नाही, आपल्या बऱ्याच पोरांना हे ठाऊकच नसतं, लायसन्सच्या धास्तीने ती अर्जच करत नाहीत.

अजून एक जात आहे, छोट्या खाजगी अमेरिकन कॉलेजांतले इक्वेस्ट्रियन स्टडीजचे शिक्षक. मिसुरीतलं विल्यम वूड्स, पेनसिल्व्हेनियातलं विल्सन कॉलेज वगैरे. तिथे घोडेस्वारी शिकवणं हाच मोठा भाग असतो, त्यामुळे स्पर्धांमधला रेकॉर्ड विचारतात. आपल्याकडून जाणाऱ्याला हे दार अवघड आहे, आणि ही कॉलेजं पैशाच्या बाबतीत नाजूक असतात. न्यूयॉर्क राज्यातलं कॅझेनोव्हिया कॉलेज, जिथे घोड्यांच्या बिझनेस मॅनेजमेंटचा प्रोग्राम होता, २०२३ मध्ये कॉलेजच्या कॉलेजच बंद झालं. म्हणून कुठेही जायच्या आधी ती संस्था स्वतः किती वर्षं टिकेल हा प्रश्न बेधडक विचारा.

भारतात काय आहे ते खरं खरं

आकडे आधी ऐकून घ्या, नंतर कुरकुर नको. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून साधारण ३.४ लाख निघाली, २०१२ मध्ये हाच आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास होता, म्हणजे सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. खेचरं आणि गाढवंसुद्धा अशीच उतरली. गाईम्हशींच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे सरकार घोड्यांसाठी धडाधड नव्या जागा काढेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून चहा प्या आणि निघा.

पण जे आहे ते दमदार आहे. हरियाणात हिसारला आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, एनआरसीई म्हणतात, १९८५ मध्ये सुरू झालं, आणि त्यांचंच एक केंद्र राजस्थानात बिकानेरला आहे. ग्लँडर्स, इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या रोगांच्या तपासण्या, लशी, मारवाडी घोड्यांचं प्रजनन असं सगळं तिथे चालतं. २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्माला घातलं ते बिकानेरला, राज-प्रथमा नाव ठेवलं तिचं. तुमची पीजी लुवास हिसार, बिकानेरचं व्हेटर्नरी विद्यापीठ, लुधियानाचं गडवासू किंवा इज्जतनगरच्या आयव्हीआरआयमधून असेल तर घोड्यावर थिसिस करायची संधी जास्त, कारण जनावरं जवळ आहेत. डिग्री विद्यापीठाची आणि प्रयोगाचं काम अश्व केंद्रात, असंही जमवता येतं, पण त्यासाठी गाईडला पहिल्याच महिन्यात विचारायचं, थिसिसचा विषय मंजूर झाल्यावर नाही.

आणि विभाग कुठला घ्यायचा? “अश्वशास्त्र” नावाचा विभाग शोधत बसू नका. लाइव्हस्टॉक प्रॉडक्शन मॅनेजमेंट, ज्याला सगळे एलपीएम म्हणतात, ॲनिमल न्यूट्रिशन, गायनॅकॉलॉजी, मेडिसिन, सर्जरी, मायक्रोबायॉलॉजी, यातला एक पकडा आणि थिसिसचं जनावर घोडा ठेवा. व्यवस्थापन शिकवायचंय त्याने एलपीएम. नंतर असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी एएसआरबीची, म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची, नेट नाहीतर पीएचडी असा हिशोब असतो, शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर त्याच एएसआरबीची एआरएस परीक्षा. पात्रतेच्या अटी बदलत राहतात, म्हणून सिनियरच्या सांगण्यावर न जाता ताजी जाहिरात स्वतः वाचा. लष्कराची रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर हा अजून एक दरवाजा आहे, मेरठला त्यांचं सेंटर अँड कॉलेज आहे, घोडे हाताळायचा जो अनुभव तिथे मिळतो तो सिव्हिलमध्ये कुठेच मिळत नाही, आणि तिथून बाहेर पडून शिकवायला आलेली माणसं वर्गात वेगळीच दिसतात.

रेसिंगवर सगळा डाव लावू नका एवढंच सांगतो. मुंबई-पुण्याच्या रेस बघून खूप जण भारावतात, पण ऑक्टोबर २०२३ पासून बेटिंगच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. या धंद्यातून संशोधनाला पैसा येईल अशी आशा धरायची तर विचार करून धरा. उलट हाच विषय घेऊन कुणी ॲग्री इकॉनॉमिक्सवाल्याने स्टड फार्मच्या अर्थकारणावर चांगलं काम केलं तर मॅनेजमेंटच्या बाजूला मोकळं मैदान आहे.

हात घाण करायची जागा

अर्जात “हँड्स ऑन अनुभव” विचारतात तेव्हा त्यांना फोटो नको असतो, तास हवे असतात. महाराष्ट्रात हे तास मिळवायला जेवढ्या जागा आहेत तेवढ्या फार थोड्या राज्यांत असतील. पुण्या-मुंबईचे रायडिंग क्लब, रेसकोर्सचे तबेले, पुण्याच्या आजूबाजूचे स्टड फार्म, माथेरान जिथे गावात गाड्यांना बंदी आणि घोड्यांवर अख्खं गाव चालतं, महाबळेश्वर-पाचगणी, लग्नाच्या वरातीचे घोडे, वीटभट्ट्यांवरची गाढवं आणि खेचरं. सर्पदंशाच्या लशी म्हणतो आपण त्या अँटीव्हेनमसाठी घोडे पाळणाऱ्या संस्था, हाफकिनचं नाव ऐकलं असेलच. सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही १९६६ मध्ये पूनावालांच्या स्टड फार्मातूनच झाली, त्यांचे घोडे सीरमसाठी हाफकिनकडे जायचे. घोडा आणि विज्ञान यांचं नातं पुण्यात इतकं जुनं आहे आणि तरी पुण्यातल्या पोरांना वाटतं घोडा म्हणजे रेस.

तबेल्यात गेल्यावर पहिले काही आठवडे काहीही सांगू नका, मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या, मामांच्या मागे फिरा. खरारा कसा करतात, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक कसा मोजतात, तोबरा कधी लावतात, नालबंद कुठल्या खुराला आधी हात घालतो, घोडा पाय झाडायच्या आधी कान कसे मागे नेतो. यातलं निम्मं बरोबर असतं, काही जुनं असतं आणि काही चक्क चुकीचं असतं, पण तुम्ही पुस्तक वाचून आलेलं पोर म्हणून पहिल्या दिवशी दुरुस्ती करायला गेलात तर पुढे कुणी घोड्याला हात लावू देणार नाही. एक वही ठेवा. तारीख, घोड्याचं वय, काय खाल्लं, किती किलो, लीद कशी होती, शरीरस्थितीचा, म्हणजे घोडा किती भरलेला किंवा वाळलेला याचा, गुण किती. हा गुण देण्याची १ ते ९ ची पद्धत टेक्सासमध्ये हेनेके आणि मंडळींनी १९८३ मध्ये मांडली, बरगड्या, शेपटीचं मूळ, मान, खांदा वगैरे सहा ठिकाणी बघून आणि चाचपून गुण द्यायचे, जगभर तीच वापरतात. दोनेकशे घोड्यांना असे गुण दिले की डोळा बसतो आणि मुलाखतीत हे लगेच कळतं.

डिसेंबरात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा बाजार भरतो तापीकाठी, तिथे एकदा दोन-तीन दिवस काढाच. दात बघून वय सांगणारे, चाल बघणारे, अंगावरचे केसांचे भोवरे मोजून शुभ-अशुभ ठरवणारे, पंचकल्याण म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरं असेल तर किंमत वाढवणारे. भोवऱ्यावरून किंमत ठरणं हे शास्त्राला पटो न पटो, बाजारात त्याचा आकडा असतो, आणि आकडा असला की त्यावर अभ्यास होतो. कुठल्या खुणेने किंमत किती हलते हे कुणी नीट नोंदवलं तर एमव्हीएससीचा बरा विषय निघेल. नांदेडकडे माळेगावची जत्रा आहे, अकलूजलाही बाजार भरतो. आणि आपल्या भीमथडीला आता देशी जातींच्या यादीत नोंद मिळाली आहे, मराठ्यांच्या घोडदळातला हा घोडा. जात नोंदली गेली म्हणजे आता वंशावळ, मोजमाप, जनुकीय वैविध्य यावर काम लागणार, आणि ते काम मराठी बोलणाऱ्या, धनगरवाड्यावर जाऊन बसू शकणाऱ्या माणसाला जितकं जमेल तितकं हिसारहून आलेल्याला जमणार नाही.

विषय निवडताना कुठे माणसं अडकतात

इथे थोडा वेळ थांबतो कारण बहुतेकांची पीएचडी इथेच लांबते. घोडी साधारण ११ महिने गाभण असते आणि ती ऋतूवर माजावर येते, दिवस मोठे होतात तसा माज सुरू होतो. म्हणजे प्रजननावर प्रयोग करायचा तर वर्षात एकच हंगाम, तो हुकला की पुढच्या वर्षीची वाट. ज्याला तीन वर्षांत पीएचडी संपवायचीय त्याच्याकडे फार तर दोन-तीन हंगाम. उत्तर गोलार्धात थरोब्रेडचा, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीचा, वाढदिवस १ जानेवारी धरतात, म्हणून शिंगरू लवकर जन्मावं यासाठी घोड्यांना हिवाळ्यात १६ तास उजेड देऊन माज अलीकडे आणतात, अशा गोष्टी तुमच्या वेळापत्रकातही धराव्या लागतात. आणि थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतच नाही, नोंदणीच होत नाही, त्यामुळे कृत्रिम रेतनावर काम करायचं तर मारवाडी, काठियावाडी, वॉर्मब्लड असे दुसरे घोडे शोधा.

दुसरं म्हणजे घोडे महाग. उंदरांसारखे ६० मिळणार नाहीत, ६ किंवा ८ मिळतील. मग संख्याशास्त्र चोख हवं. सहा घोडे आणि दोन आहार असतील तर आधी तिघांना एक, तिघांना दुसरा, मधे काही दिवस दोन्हीचा परिणाम निवळू द्यायचा, मग अदलाबदल, म्हणजे प्रत्येक घोडा स्वतःशीच तुलनेला उभा राहतो. याला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि घोड्यांवरचे बरेच प्रयोग असेच असतात. आणि हेही लक्षात ठेवा की एका तबेल्यातल्या २० घोड्यांना एकच चंदी आणि शेजारच्या तबेल्यातल्या २० घोड्यांना दुसरी चंदी, तर तुमच्याकडे ४० आकडे नाहीत, २ आहेत, कारण फरक चंदीचा की तबेल्याचा हे सांगता येत नाही. हे परीक्षकाला कळतं आणि तो व्हायव्हात तिथेच बोट ठेवतो. आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते शिका, एकाच घोड्याची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं नीट हाताळणारी मिक्स्ड मॉडेल ही पद्धत शिका, कुणावर अवलंबून राहू नका.

तिसरं, नैतिक परवानगी. भारतात संस्थेची प्राणी नैतिकता समिती, अमेरिकेत आयएसीयूसी. कागद आधी, घोडा नंतर. परवानगीशिवाय घेतलेलं रक्त कितीही भारी असलं तरी कुठलंही बरं जर्नल छापणार नाही.

मग आपल्याकडे कशावर काम करण्यासारखं आहे? मला सगळ्यात जास्त खुणावतो तो आहार. घोड्याचं पोट छोटं असतं आणि चारा मागच्या आतड्यात आंबतो, त्यामुळे दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं, दिवसाला शरीरवजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ किलो. आता आपल्याकडचे किती घोडे दिवसभर उपाशी उभे राहून संध्याकाळी एकदम चंदी खातात ते बघा आणि मग पोटदुखीच्या केसेस मोजा. गव्हाचा कोंडा भरपूर घालतात, त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी, बरोबर लसूणघास वगैरे कॅल्शियमचं काही नसेल तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, चेहऱ्याची हाडं फुगतात, लंगडणं सुरू होतं. पुस्तकात हा जुना रोग आहे, पण कोंडा, हरभरा, कडबा, उसाचं वाढं असा आपला स्थानिक खुराक एकत्र तपासून कुणी नीट तक्ते केले तर त्याचा उपयोग थेट तबेल्यात होईल. कामाच्या घोड्यांचं आणि गाढवांचं कल्याण हा दुसरा भरलेला विषय, ब्रुक सारख्या संस्था भारतात वीटभट्ट्यांवर काम करतात, त्यांच्याशी जोडून घेता येतं.

बाहेर कुठे आणि कसं जायचं

अमेरिकेत केंटकी हे घोड्यांचं माहेर समजा. लेक्सिंग्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीत इक्वाइन सायन्स अँड मॅनेजमेंट नावाचीच बॅचलर डिग्री आहे, आणि तिथलं ग्लक सेंटर घोड्यांच्या संशोधनासाठी जगात नावाजलेलं, गंमत म्हणजे त्या युनिव्हर्सिटीत व्हेटर्नरी कॉलेज नाही तरी व्हेटर्नरी सायन्सचा विभाग आहे आणि तो पीएचडी देतो. शेजारच्या लुइव्हिल युनिव्हर्सिटीत घोड्यांच्या इंडस्ट्रीचा प्रोग्राम चक्क बिझनेस कॉलेजात आहे. ॲरिझोनात रेसट्रॅक इंडस्ट्रीचा. कोलोराडो स्टेट, टेक्सास ए अँड एम, मिशिगन स्टेट, न्यू जर्सीतलं रटगर्स, कॅलिफोर्नियातलं डेव्हिस, ही बाकीची मोठी नावं. इंग्लंडात हार्टपरी आणि नॉटिंगहॅम ट्रेंट, वेल्समध्ये ॲबरिस्टविथ, आयर्लंडात लिमरिक, जर्मनीत गटिंगन, ऑस्ट्रेलियात चार्ल्स स्टर्ट. एडिनबरा इक्वाइन सायन्सची एमएससी ऑनलाइन देतं, नोकरी करत करत करणाऱ्यांना ती सोयीची, पण ऑनलाइन डिग्रीने घोड्याला हात लावायचा अनुभव मिळत नाही हे ध्यानात ठेवून घ्या.

पैशाचं साधं सूत्र ठेवा, पीएचडी स्वतःच्या खिशातून करायची नाही. अमेरिकेत असिस्टंटशिप मिळाली की सहसा फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड, बदल्यात तुम्ही संशोधनात किंवा शिकवण्यात हात लावायचा. इंग्लंडमध्ये मास्टर्स बहुतेक वेळा पदरमोड करूनच करावी लागते, पीएचडीला स्टुडंटशिप असते. महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, पण काहींमध्ये युनिव्हर्सिटीच्या जागतिक रँकिंगची अट असते आणि घोड्यांसाठी उत्तम असलेली कॉलेजं त्या रँकिंगमध्ये येतच नाहीत, त्यामुळे कॉलेज ठरवायच्या आधी अट वाचा. अजून एक, अमेरिकेत प्रवेश घेताना त्या डिग्रीचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या वर्गवारीचा नंबर, कुठला आहे आणि तो स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, यादीत येतो का हे लेखी विचारा, ॲनिमल सायन्सखाली नोंद आणि घोडेपालनाखाली नोंद यात फरक असतो आणि शिक्षण संपल्यावर अमेरिकेत किती काळ काम करता येईल ते त्यावर ठरतं.

प्रोफेसरला ईमेल करताना “रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट” हे टाळा. साधं डॉक्टर आणि आडनाव. आणि आधी बघून घ्या, या क्षेत्रात बायका खूप आहेत, सर लिहून पाठवलंत आणि समोर मॅडम निघाल्या तर ईमेल तिथेच संपली. पहिल्या ओळीत त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यातला कुठला प्रश्न तुम्हाला इकडच्या घोड्यांत दिसतो. दुसऱ्या ओळीत तुम्ही काय केलंय, तास आणि आकडे. तिसरीत सरळ प्रश्न, पुढच्या ऑगस्टसाठी तुमच्याकडे पैसे असलेली जागा आहे का. झालं. ही ईमेल ऑगस्ट-सप्टेंबरात जायला हवी कारण डिसेंबर-जानेवारीत अर्ज बंद होतात, आणि बऱ्याच विभागांत आधी प्रोफेसर हो म्हणतो मगच प्रवेश होतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर पुढचं नाव.

शिकवायचं कसं, कारण शेवटी पगार त्याचा

संशोधनात हुशार माणसं शिकवण्यात ढेपाळतात, आणि घोड्यांच्या विभागात ते लगेच दिसतं कारण वर्गातली निम्मी पोरं लहानपणापासून घोड्यावर बसलेली असतात आणि उरलेल्यांनी घोडा जवळून बघितलेलाही नसतो. दोघांना एकाच तासात गुंतवायचं. मला आवडणारा एक प्रयोग सांगतो. काटा नसताना घोड्याचं वजन काढायला लावा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं, उत्तर किलोत. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर २६५ किलो येतं. आधी सगळ्यांना नुसत्या नजरेने अंदाज कागदावर लिहायला लावा आणि मग मोजा. वर्षानुवर्षं घोडे पाळणारे सुद्धा बरेच चुकतात, आणि मग जंताच्या औषधाचा डोस वजनावर असतो हे एकदा सांगितलं की वर्ग गप्प होऊन ऐकतो. पट्टी आणि घोडा एवढंच लागतं, माथेरानला करा नाहीतर लेक्सिंग्टनला.

सुरक्षेचे नियम पहिल्या तासाला, दुसऱ्याला नाही. डाव्या बाजूने खांद्याकडे जायचं, आधी आवाज द्यायचा, थेट मागे उभं राहायचं नाही, दोर हाताला गुंडाळायचा नाही, झटक्यात सुटणारी गाठ मारायची. एका घोड्यामागे किती पोरं हे आधी ठरवा. परदेशात विम्याचा प्रश्न असतो, आपल्याकडे विमा नसतो आणि हेच जास्त घाबरण्यासारखं आहे.

अमेरिकेत लँड ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या बळावर उभ्या राहिलेल्या, युनिव्हर्सिटीत तिसरं काम असतं एक्स्टेन्शनचं, म्हणजे घोडे पाळणाऱ्या सामान्य लोकांना, फोर-एच या युवक संघटनेतल्या शाळकरी पोरांना जाऊन शिकवायचं. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासून हे चालू आहे. तुमच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं असतं की किती टक्के शिकवणं, किती टक्के संशोधन, किती टक्के एक्स्टेन्शन, आणि बढती त्याच टक्क्यांवर तोलतात. ७० टक्के शिकवण्याची जागा घेऊन पेपरांच्या मागे लागलेला माणूस पाच-सहा वर्षांनी टेन्युअरच्या, म्हणजे नोकरी कायम व्हायच्या, वेळी अडचणीत येतो. जागा स्वीकारताना हे टक्के आणि प्रयोगाला हक्काचे घोडे किती मिळणार, त्यांचा खर्च कोण करणार, एवढं लेखी घ्या. पगारावर घासाघीस करतात सगळे, घोड्यांवर कुणी करत नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात कळतं की चाऱ्याचं बिल तुमच्याच ग्रँटमधून जाणार आहे.

पीएचडीच्या काळात इक्वाइन सायन्स सोसायटीचं दर दोन वर्षांनी होणारं संमेलन गाठा, निदान पोस्टर लावा. छोटं क्षेत्र आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे कॉफी पिताना ज्याच्याशी बोलाल तोच पुढे निवड समितीत बसलेला असतो. मुलाखतीला बोलावलं की साधारण दीड-दोन दिवस फिरवतात, एक भाषण संशोधनावर, एक नमुन्याचा तास विद्यार्थ्यांसमोर, डीन, विभागातले लोक, आणि बऱ्याच ठिकाणी तबेल्याची फेरी. या फेरीला सुटाबरोबर बंद बूट न्या. तबेल्याची मॅनेजर बाई किंवा बुवा तुमच्याशी गप्पा मारत चालतात, ती गप्पाच असते असं समजू नका, तिचं मत समितीत विचारतात. तिला विचारा की चारा कुठून येतो, मेलेल्या घोड्याची विल्हेवाट कशी लावता, सुट्टीत विद्यार्थी घरी गेले की तबेला कोण बघतं. या तीन प्रश्नांवर ती जे सांगेल त्यावरून तुम्हाला त्या प्रोग्रामची तब्येत डीनच्या स्लाइडपेक्षा चांगली कळेल.

शिफारसपत्रं तीन लागतात. एक गाईडचं, एक ज्यांच्या हाताखाली शिकवलंत त्यांचं, आणि तिसरं शक्य असेल तर तबेल्यातल्या किंवा स्टड फार्मवरच्या माणसाचं, ज्याने तुम्हाला पहाटे पाचला कामावर बघितलंय. तो मराठीत किंवा हिंदीत सांगत असेल तर तसंच लिहून घ्या, इंग्रजीत भाषांतर करून द्या आणि खाली कुणी भाषांतर केलं ते नमूद करा, पण काय लिहायचं ते तुम्ही त्याला सांगू नका.